हवामानशास्त्रानंतर नोकरी : शेवटच्या सत्रापासून नेमणूकपत्रापर्यंत

पुणे, कोची, विशाखापट्टणम इथल्या विद्यापीठांतून हवामानशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन दरवर्षी मुलंमुली बाहेर पडतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच दार असतं, भारतीय हवामान विभागाचं. १८७५ साली सुरू झालेला हा विभाग आजही या विषयातला देशातला सर्वांत मोठा आधार आहे आणि तिथे जागा मिळाली तर उत्तमच. पण भरती केव्हा निघेल हे आपल्या हातात नसतं. जाहिरातीची वाट बघण्यात दोन-चार वर्षं सहज निघून जातात, वयाची अट जवळ येते आणि शिकलेलंही हातातून निसटायला लागतं.

ही कृती अशा विद्यार्थ्यांसाठी आहे. ती शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला हाती घ्यावी, पदवी आधीच मिळाली असेल तर आज. तिच्यामागचं म्हणणं एकच आहे. हवामानाच्या अंदाजाला किंमत येते ती त्यावरून कोणीतरी निर्णय घेतो म्हणून. विमान उडवायचं की थांबवायचं, पेरणी आज करायची की आठ दिवसांनी, धरणाचे दरवाजे किती उघडायचे, उद्या पवनचक्कीतून किती वीज येईल असं सांगायचं, या प्रत्येक निर्णयामागे एक नोकरी आहे. तुम्ही कोणाच्या निर्णयासाठी काम करणार हे आधी ठरलं, की काय शिकायचं आणि अर्ज कुठे करायचा हे आपोआप स्पष्ट होतं.

हाताशी काय असावं

दहावीपासूनची सगळी गुणपत्रकं, पदवी प्रमाणपत्र किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचं आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला. विद्यापीठाचा शिक्का असलेली अभ्यासक्रमाची प्रत. बऱ्यापैकी चालणारा लॅपटॉप आणि इंटरनेट. एक वही, तारखांसाठी. दिवसाचे दोन तास, निदान आठ-नऊ महिने.

पायरी १ : आपले कागद अर्जदाराच्या नजरेने वाचा

आपली एम.एस्सी. झाली म्हणजे सगळ्या जागांना आपण पात्र, असं गृहीत धरू नका. अनेक जागांची पात्रता बी.एस्सी.वर ठरते. हवामान विभागातल्या सायंटिफिक असिस्टंट पदाचंच घ्या. कर्मचारी निवड आयोगाच्या २०२२ च्या जाहिरातीत बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, पदवीला प्रथम श्रेणी आणि विज्ञान पदवीत भौतिकशास्त्र हा विषय अशी अट होती. संगणक शाखेचे पदवीधर आणि इलेक्ट्रॉनिक्सचे पदविकाधारकही चालणार होते. वयाची मर्यादा ३० वर्षं. म्हणजे एम.एस्सी.ला पहिला आलेला, पण बी.एस्सी.ला ५८ टक्के असलेला विद्यार्थी तिथे बसू शकत नव्हता.

म्हणून एका कागदावर चार गोष्टी लिहा : बी.एस्सी.चे एकूण टक्के, बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि गणित किती वर्षं होतं, आजचं वय, आणि आरक्षणामुळे वयात मिळणारी सवलत. हा कागद पुढच्या प्रत्येक जाहिरातीशेजारी ठेवायचा आहे.

परदेशात जायचा विचार असेल, तर अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत आत्ताच घेऊन ठेवा. जागतिक हवामान संघटनेने हवामानतज्ज्ञाच्या मूलभूत शिक्षणाची चौकट ठरवून दिली आहे. अनेक देशांतल्या हवामान सेवा तिच्याशी तुमचे विषय ताडून बघतात. गतिकी, ऊष्मागतिकी, सिनॉप्टिक हवामानशास्त्र, निरीक्षणं आणि उपकरणं हे विषय तुम्ही शिकलात हे कागदावर दिसायला हवं. विद्यापीठातून बाहेर पडल्यावर पाच वर्षांनी ही प्रत मिळवणं जिकिरीचं होतं.

पायरी २ : कोणाच्या निर्णयासाठी काम करायचं ते निवडा

खालच्या सहा वाटा नीट वाचा. त्यांतली एक मुख्य आणि एक जोडवाट निवडा. सहाही धरू नका.

१. सरकारी अंदाज आणि निरीक्षण. इथे हवामान विभाग मुख्य. सायंटिफिक असिस्टंटचं मूळ वेतन सहाव्या स्तरावर, म्हणजे ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं. काम वेधशाळेत, विमानतळावरच्या हवामान कार्यालयात, रडार केंद्रावर, कुठेही असू शकतं. रात्रपाळी असते, देशभर बदली होते. अंटार्क्टिकावरच्या मोहिमांतही विभागाची माणसं जातात.

२. संशोधन. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. ती १९६२ साली सुरू झाली. महाबळेश्वरला तिची ढगांच्या अभ्यासाची उंचावरची प्रयोगशाळा आहे. नोएडाचं राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र, हैदराबादची सागरी माहिती सेवा संस्था, गोव्यातल्या ध्रुवीय संशोधनाच्या आणि समुद्रविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्था, इस्रोचं अहमदाबादचं अवकाश उपयोग केंद्र आणि गादंकीची वातावरण प्रयोगशाळा ही त्याच वाटेवरची ठिकाणं. इथे बहुतेक ठिकाणी पीएच.डी.ची तयारी लागते.

३. विमान वाहतूक आणि संरक्षण. हवाई दलाला स्वतःचे हवामान अधिकारी लागतात. विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई वाहतूक नियंत्रणाच्या जागांना भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेले बी.एस्सी. पदवीधर अर्ज करू शकतात. विमान कंपन्यांच्या नियंत्रण कक्षात उड्डाण आखणारे डिस्पॅचर असतात. आणखी एक दुर्लक्षित काम म्हणजे शिकवणं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी हवामानशास्त्राचा स्वतंत्र पेपर द्यावा लागतो. त्यामुळे वैमानिक प्रशिक्षण संस्थांना हा विषय नीट शिकवणारी माणसं हवीच असतात.

४. वीज. पवन आणि सौर ऊर्जेच्या प्रकल्पांना उद्या किती वीज देऊ हे आधी सांगावं लागतं. ते काम करून देणाऱ्या खासगी कंपन्या हवामानतज्ज्ञ घेतात.

५. शेती आणि विमा. कृषी विद्यापीठांतली कृषी-हवामान केंद्रं, पीक विमा कंपन्या, पुनर्विमा कंपन्या, आणि स्कायमेटसारख्या खासगी हवामान संस्था. एक ध्यानात ठेवा, कृषी-हवामान केंद्रांतल्या पदांना बऱ्याचदा कृषी शाखेची पदवी मागतात.

६. आपत्ती व्यवस्थापन आणि हवामान बदल. राज्याचं आणि महापालिकांचं आपत्ती व्यवस्थापन, उष्णतेच्या लाटांचे शहरी आराखडे, पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था. पुण्याची वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट हे जवळचं उदाहरण.

या वाटा एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत. पुण्यात वाढलेल्या सुलोचना गाडगीळ हार्वर्डहून पीएच.डी. घेऊन परतल्या. त्यांनी मान्सूनच्या गणितावर पायाभूत काम केलं आणि पुढे कर्नाटकातल्या पावगडच्या कोरडवाहू भुईमूग शेतकऱ्यांबरोबरही काम केलं. पेरणी केव्हा केली तर पावसाच्या खंडाची झळ कमी बसेल, हा शेतकऱ्यांच्या बांधावरचा प्रश्न त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाच्या जुन्या नोंदी आणि पिकाचं संगणकीय प्रारूप वापरून तपासला. उत्तम शास्त्र आणि कामाचा निर्णय एकत्र कसे येतात, याचा हा नमुना आहे.

पायरी ३ : तारखांची वही उघडा

निवडलेल्या वाटेच्या परीक्षा एका पानावर लिहा.

सायंटिफिक असिस्टंटची मोठी भरती २०१७ साली झाली, त्यानंतरची २०२२ साली. दुसऱ्या वेळी ९९० जागा होत्या. मधली पाच वर्षं बघा, म्हणजे एकाच परीक्षेवर सगळं टाकणं का धोक्याचं ते कळेल. तयारी मात्र चालू ठेवा. प्रश्नपत्रिकेचा अर्धा भाग सामान्य ज्ञान, अंकगणित, बुद्धिमत्ता आणि इंग्रजीचा असतो, अर्धा भौतिकशास्त्र, संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सचा. पहिल्या अर्ध्या भागाची तयारी इतर स्पर्धा परीक्षांनाही चालते.

संशोधनासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट. त्यात भू, वातावरण, सागर आणि ग्रहविज्ञान असा स्वतंत्र विषय आहे. कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये आणि त्यावर घरभाडं मिळतं. गेट परीक्षेत अभियांत्रिकी विज्ञानाच्या पेपरात वातावरण आणि सागर विज्ञान हा विभाग निवडता येतो. आयआयटी, भारतीय विज्ञान संस्था इथे पुढे शिकायचं असेल तर तो उपयोगी पडतो.

हवाई दलासाठी एएफकॅट ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. जमिनीवरच्या शाखांसाठी वय २० ते २६. एम.एस्सी. होईपर्यंत २३ वर्षं झालेली असतात, तेव्हा इथे हातात फार थोड्या संधी उरतात. ही वाट निवडली असेल तर शेवटच्या वर्षातच पहिला अर्ज करा. हवामान शाखेसाठी कोणते विषय आणि किती टक्के लागतात हे त्या-त्या वेळच्या जाहिरातीतच वाचा, कारण निकष बदलत असतात.

पाषाणची संस्था आणि पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या इतर संस्था यांच्या संकेतस्थळांवर फेलोशिपच्या आणि प्रकल्पांवरच्या पदांच्या जाहिराती निघतात. दर सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं ही संकेतस्थळं चाळायची सवय लावा. अर्जाची मुदत तीन-चार आठवड्यांची असते. महिन्यातून एकदा बघणाऱ्याची ती हुकते.

पायरी ४ : संगणकाची हत्यारं धारेला लावा

सरकारी असो की खासगी, हवामानाचं काम आता संगणकावर चालतं. पुढच्या क्रमाने शिका.

आधी लिनक्स. फाइल शोधणं, हलवणं, एखादी आज्ञा शंभर फायलींवर चालवणं, दूरच्या संगणकावर काम करणं एवढं सहज जमलं पाहिजे. मग पायथन. नेटसीडीएफ आणि ग्रिब या स्वरूपातली माहिती एक्सॲरे वापरून उघडता येणं, सरासरी आणि विचलन काढणं, कार्टोपायने नकाशा काढणं. त्याबरोबर सीडीओ. मोठ्या फायली कापणं-जोडणं त्यात दोन ओळींत होतं. तिसरी गोष्ट क्यूजीआयएस. जिल्हा, तालुका, महसूल मंडळ यांच्या सीमांवर पाऊस बसवता येणं ही विमा आणि आपत्ती व्यवस्थापनात रोज लागणारी गोष्ट आहे. अंदाजाच्या प्रारूपांवर काम करायचं असेल तर डब्ल्यूआरएफ एकदा तरी स्वतः चालवून बघा. फोरट्रान वाचता येण्याइतकं शिका, कारण जुनी प्रारूपं त्याच भाषेत आहेत.

माहितीसाठी पैसे लागत नाहीत. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाची १९०१ पासूनची रोजच्या पावसाची चौकटींवरची आकडेवारी उपलब्ध आहे. युरोपची ईआरए५ ही तासातासाची माहिती १९४० पासून आहे. इन्सॅट उपग्रहांची चित्रं इस्रोच्या मोसडॅक या संकेतस्थळावर नोंदणी करून घेता येतात.

पायरी ५ : एक प्रकल्प शेवटापर्यंत न्या

दहा अर्धवट अभ्यासांपेक्षा एक पूर्ण अभ्यास दाखवता आला, तर मुलाखत घेणाऱ्याला तुमची पात्रता कळते. विषय महाराष्ट्रातलाच घ्या, कारण तिथल्या डोंगर-दऱ्या तुम्हाला माहीत आहेत. नमुन्यादाखल एक प्रकरण सविस्तर बघू.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तिथून सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नोंदला गेला नाही. आता हवामान विभागाची चौकटींवरची आकडेवारी उघडा आणि २६ जुलैचा आकडा काढा. तो तुम्हाला अपेक्षेपेक्षा फारच कमी दिसेल. पहिलं कारण घड्याळाचं. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून २६ तारखेच्या दुपारी आणि रात्री कोसळलेला पाऊस २७ जुलैच्या नावावर जमा होतो. ईआरए५ ची माहिती जागतिक वेळेनुसार असते. तिची बेरीज आदल्या दिवशीच्या पहाटे तीनपासून त्या दिवशीच्या पहाटे तीनपर्यंत, अर्थात जागतिक वेळेप्रमाणे, केली तरच दोन्ही जुळतात, कारण आपले साडेआठ म्हणजे जागतिक वेळेचे तीन.

तारीख बदलली तरी ९४४ दिसणार नाही. हे दुसरं कारण. चौकट पाव अंशाची, म्हणजे साधारण २५ ते २८ किलोमीटर बाजूची. आजूबाजूच्या केंद्रांचा पाऊस त्यात मिसळतो आणि शिखर खाली येतं. हे नकाशावर दाखवा, केंद्राची नोंद आणि चौकटीचा आकडा शेजारी ठेवा आणि एका परिच्छेदात लिहा, की अशा माहितीवरून शहरातल्या पुराचा धोका ठरवला तर तो कमी लेखला जाईल. पालिकेच्या अधिकाऱ्याला, विमा कंपनीला, संशोधकाला, तिघांनाही ही ओळ कामाची आहे.

असाच अभ्यास तुमच्या जिल्ह्यातल्या गारपिटीचा, मराठवाड्यातल्या पावसाच्या खंडांचा किंवा विदर्भातल्या उष्णतेच्या लाटेचा होऊ शकतो. प्रकल्प झाला की तीन गोष्टी तयार ठेवा : चार पानी टिपण, वाचण्याजोगी आणि गिटहबवर ठेवलेली संगणकीय आज्ञावली, आणि एक चांगला नकाशा.

पायरी ६ : एका ऋतूचा अंदाज रोज लिहा आणि तपासा

हे फार थोडे विद्यार्थी करतात, म्हणूनच ते उठून दिसतं. आपल्या गावासाठी जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी उद्याचा अंदाज वहीत लिहा. पाऊस पडेल की नाही, कमाल तापमान किती, आणि असं का वाटतं त्याची दोन ओळींत कारणं : किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा, बंगालच्या उपसागरावरची प्रणाली, वरच्या थरातला वारा, सकाळच्या फुग्याच्या निरीक्षणातली आर्द्रता. ज्या दिवसाचा अंदाज आहे त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठनंतर नोंद बघून निकाल लिहा. २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर तो पावसाळी दिवस, ही हवामान विभागाची व्याख्या वापरा.

ऋतू संपला की चार रकाने करा : सांगितला आणि पडला, सांगितला पण पडला नाही, सांगितला नाही पण पडला, सांगितला नाही आणि पडला नाही. पाऊस पडलेल्या दिवसांपैकी किती दिवस तुम्ही आधी सांगितले होते आणि सांगितलेल्यांपैकी किती फसले, ही दोन गुणोत्तरं काढा. मग त्यांची तुलना सर्वांत सोप्या अंदाजाशी करा : काल जसं होतं तसंच आज. तुमचा अंदाज याच्यापेक्षा सरस ठरला तरच तुम्ही काही भर घातलीत. किती सरस आणि कोणत्या महिन्यात कमी पडलात, हे सांगता येणारा उमेदवार अंदाजाच्या कोणत्याही कामाला लायक असतो.

पायरी ७ : निवडलेल्या क्षेत्राची भाषा शिका

हवामान तुम्हाला येतं, पण ज्याचा निर्णय आहे त्याची भाषा येत नसेल तर नोकरी मिळत नाही. दोन क्षेत्रं जवळून बघू.

वीज. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ खंड असतात. साताऱ्याच्या पठारांवरच्या किंवा धुळ्याकडच्या पवनचक्क्यांना प्रत्येक खंडात किती वीज येईल याचं वेळापत्रक आधी द्यावं लागतं आणि प्रत्यक्षातली तफावत ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की पैसे भरावे लागतात. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे याबाबतचे विनियम २०१८ चे आहेत. ते वाचा. आता आपल्या विषयाशी जोडा. पवनचक्कीची वीज मधल्या टप्प्यात वाऱ्याच्या वेगाच्या साधारण घनाने वाढते. वेगात दहा टक्के चूक झाली तर विजेत जवळपास तीस टक्के चूक होते. मान्सूनच्या झोताचा जोर सकाळी वाढणार की दुपारी, हे एका तासाने चुकलं तर चार खंड चुकतात. एवढं मुलाखतीत उदाहरणासह सांगू शकलात, तर तुमचा शास्त्राचा अभ्यास कंपनीच्या हिशेबात उतरतो.

पीक विमा. महाराष्ट्रात आंबा, काजू, डाळिंब, संत्रा, मोसंबी, केळी, द्राक्ष अशा फळपिकांसाठी हवामानावर आधारित विमा योजना चालते. भरपाई शेतातलं नुकसान पाहून ठरत नाही. संदर्भ हवामान केंद्रावर नोंदलेला अवेळी पाऊस, तापमान किंवा आर्द्रता शासन निर्णयात दिलेल्या प्रमाणकाच्या पलीकडे गेली का, यावर ती ठरते. महावेध प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली ती अशा कामांसाठीही. पण केंद्र खोऱ्यात आणि बाग उतारावर असेल, तर केंद्रावर पाऊस नोंदला जात नाही आणि बागेतला मोहर गळतो. शेतकऱ्याची तक्रार खरी असते आणि कंपनीचा आकडाही. केंद्र कुठे असावं, त्याची नोंद शेजारच्या केंद्रांशी ताडून कशी तपासावी, प्रमाणक किती ठेवावं, हे हवामानतज्ज्ञाचं काम आहे. एका फळपिकाचा शासन निर्णय मिळवा आणि त्यातली प्रमाणकं तुमच्या जिल्ह्याच्या गेल्या वीस वर्षांच्या नोंदींवर लावून बघा. किती वर्षं भरपाई मिळाली असती? हा एक तक्ता विमा क्षेत्रातल्या मुलाखतीत तुमच्यासाठी बोलेल.

पायरी ८ : माणसांपर्यंत पोचा

२३ मार्चला जागतिक हवामान दिन असतो. त्या सुमाराला पुण्याच्या वेधशाळेत लोकांसाठी प्रदर्शन भरतं. तिथे जा आणि उपकरणांजवळ उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांशी बोला. इंडियन मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीचं विद्यार्थी सदस्यत्व घ्या, पुणे शाखेच्या व्याख्यानांना हजर राहा. हवामान विभागाचं ‘मौसम’ हे त्रैमासिक चाळत राहा.

उन्हाळी प्रकल्पासाठी शास्त्रज्ञांना पत्र लिहायचं तर त्यांचा एक तरी शोधनिबंध आधी वाचा. पत्र दहा ओळींचं असावं : तुम्ही कोण, त्यांच्या कामातलं काय वाचलंत, काय करता येतं, किती आठवडे येऊ शकता. सोबत पायरी पाचचं टिपण जोडा. सगळ्यांना एकच मजकूर पाठवू नका. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा आणि पुढच्यांना लिहा.

पायरी ९ : अर्ज आणि मुलाखत

परिचयपत्र दोन पानांच्या आत बसवा. वर शिक्षण, मग प्रकल्प, मग अंदाजाच्या वहीचा निकाल, मग संगणकाची कौशल्यं. ‘पायथन येतं’ असं लिहू नका, पायथनने काय केलंत ते लिहा.

मुलाखतीत मूळ गोष्टी विचारल्या जातात आणि उत्तम गुणांची मुलं तिथेच अडखळतात. हे प्रश्न मोठ्याने बोलून तयार करा. टेफिग्रामवर हवा अस्थिर आहे हे कसं ओळखाल? मान्सूनचा आस हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की महाराष्ट्रात काय होतं? महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि तिथून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याच्या तुलनेत थोडकाच, हे का? चक्रीवादळाच्या मार्गाचा अंदाज जितका सुधारला तितका तीव्रतेचा का नाही?

नंतर तीच उत्तरं साध्या मराठीत, घरातल्या वडीलधाऱ्यांना समजतील अशी सांगून बघा. ‘हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता’ हे ऐकून शेतकऱ्याने फवारणी करायची की नाही, हे त्याला सांगता आलं पाहिजे. जिल्हाधिकारी, वैमानिक, बागायतदार यांच्यासमोर उभं राहायचं असेल, तर हे कौशल्य समीकरणांइतकंच लागतं.

पायरी १० : नेमणूकपत्र नीट वाचून मगच सही करा

पद कायम आहे की कंत्राटी? कंत्राटी असेल तर मुदत किती, ती कोणत्या प्रकल्पाला जोडली आहे, आणि तो प्रकल्प केव्हा संपतो? देशभरातली १९९ जिल्हा कृषी-हवामान केंद्रं २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली आणि तिथे कंत्राटावर काम करणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. ही माणसं तालुक्या-तालुक्यातल्या शेतकऱ्यांसाठी आठवड्यातून दोनदा सल्ला तयार करत होती. काम चांगलं होतं, गरजेचंही होतं, तरीही नोकरी टिकली नाही. म्हणून कंत्राटी काम जरूर घ्या, अनुभव मोलाचा असतो, पण त्या काळात परीक्षेची तयारी आणि एखादा शोधनिबंध चालू ठेवा. पाळ्यांचं काम असेल तर रात्री किती, सुट्ट्या कशा, राहायची सोय काय, हे विचारायला संकोच करू नका.

शेवटचा शब्द

महाराष्ट्रात अवकाळी पाऊस, गारपीट, पावसाचे लांबलेले खंड आणि शहरांतले पूर यांनी दर वर्षी कोणाचं ना कोणाचं घर-शेत उद्ध्वस्त होतं. ढग वाचता येणारी आणि त्याचा अर्थ समोरच्या माणसाला सांगता येणारी माणसं आपल्याला आज आहेत त्याहून कितीतरी जास्त हवी आहेत. तुम्ही त्यासाठीच शिकलात. या आठवड्यात एवढंच करा : पायरी एकचा कागद भरा, सहा वाटांतली एक निवडा आणि तारखांच्या वहीचं पहिलं पान लिहा. वयाची अट कोणासाठी थांबत नाही, तेव्हा जाहिरात निघण्याची वाट न बघता तयारी आजच सुरू करा.